काकांचं नाव त्या नाल्याला देऊ नका

अरविंदकाकांच्या श्रद्धांजलीसाठी जमलेले सगळे काका, काकू, मावशी आणि मित्रांनो,

मला नीट बोलता येईल की नाही, माहीत नाही. रडू येतंय म्हणून नाही. राग येतोय म्हणून.

मी शिकायला इथे अमेरिकेत, कॅरीत आले, तेव्हा अरविंदकाका एअरपोर्टवर घ्यायला आले होते. जन्मभर भूजलाचं काम केलेला माणूस. गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "तुमच्या विहिरीला पायऱ्या किती?"

"मोजल्या नाहीत, काका."

"ग्रॅज्युएट ना तू? आईला विचार."

आई शाळेत गेलेली नाही. तिला पाठ होतं. चोवीस. तेव्हापासून दर रविवारी काकांचा तिला फोन. "ताई, आज पाण्यावर किती पायऱ्या उघड्या?" ती सांगायची, ते वहीत लिहायचे.

मग आपल्या मंडळाने माझं गाव दत्तक घेतलं. नाला खोल करायचं ठरलं. काका नको म्हणाले का? नाही! ते म्हणाले, "खोदा, गावाला पाणी हवंच. पण आधी डोंगरावर पाणी मुरायला चर काढा. आणि नाल्यात मुरमाखाली जाऊ नका. नाला विहिरीपेक्षा खोल गेला, तर विहिरीचं पाणी नाल्यात उतरेल आणि उन्हात उडून जाईल."

याच हॉलमध्ये कोणीतरी म्हणालं, "काका, चरांचा फोटो काय टाकायचा यार?" सगळे हसले. मीही हसले.

काकांचा हात वरच होता. माइक पुढे गेला.

इथे घरामागच्या ओढ्याच्या काठचं झाड तोडायचं तर आपण आधी परवानगी लागते का ते बघतो. माझ्या गावाचा नाला खरवडायला एक व्हॉट्सॲप पोल पुरला. त्या पोलमध्ये माझी आई होती का? गावातलं एक तरी माणूस होतं का?

गणपतीत ड्रोनचा व्हिडिओ दाखवला. मुरूम फोडून खोल केलेला, भरलेला नाला. टाळ्या. उन्हाळ्यात नाला आटला, आणि जाताना विहीर घेऊन गेला.

आणि आज अध्यक्षकाका जाहीर करतात, खालच्या वाडीकडच्या दुसऱ्या टप्प्याचं खोदकाम अरविंदकाकांच्या नावाने! जे असं करू नका म्हणून ते हात वर करून उभे होते, त्यालाच त्यांचं नाव? खालच्या वाडीची विहीर अजून जिवंत आहे हो. तिच्यावर त्यांच्या नावाची पाटी लावून ती मारू नका.

या रविवारी फोन आला नाही, म्हणून आईने मला केला. "काकांना सांग, चोवीसही उघड्या. तळ दिसतोय."

मी तिला सांगितलं, काका गेले.

ती म्हणाली, "मग आता कुणाला सांगू?"

आता आपण उभे राहू. दोन मिनिटं कोणी बोलू नका. ज्याला पुढच्या रविवारी माझ्या आईला फोन करायचा आहे, खोदण्याआधी तिला विचारायचं आहे, त्याने फक्त हात वर करावा.

काकांचा हात त्या दिवशी कोणी पाहिला नाही. मी आज डोळे मिटणार नाही.