आगगाडीचा ट्रान्सफॉर्मर

लाइपझिगमध्ये शनिवारी सकाळी बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे एक साठीचं जोडपं उभं होतं.

“रेनाटे, आपल्या लेकीचा, फ्राउकेचा सिंथेसायझर वाजला गं! आजचा तिचा कार्यक्रम वाचला.”

“मग काल तोंड पाडून का बसला होतास?”

“त्याचा अडॅप्टर जळाला, म्हणून काल जुना चार्जर जोडून बघत होतो. त्यातून नुसते धन बारा व्होल्ट निघतात. तिच्या यंत्राला ऋण बारासुद्धा लागतात.”

“तसा अडॅप्टर तयार मिळतो की दुकानात.”

“त्या किमतीत दुसरा सिंथेसायझर येईल! मी दोन डायोड लावले. एक धन बाजू पकडतो, दुसरा ऋण. फक्त वीज दोन्हीकडे हेलकावे खाणारी हवी.”

“ती कुठे सापडली?”

“आपल्या... नाताळच्या आगगाडीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये.”

“डेटलेफ!”

“रागावू नकोस. डब्यात पक्का बसवलाय. यंदा झाडाखाली गाडी नाही धावायची.”

“परत नाही ना निघणार?”

“नाही गं.”

“सुटले बाई! तीस वर्षं ती वळणावर पडायची, आणि झाडाखाली रांगत जाऊन उचलायची कोण, तर मी! खसखशीचा केक घे आज. आणि घरी गेल्यावर त्या डब्याला आणखी दोन स्क्रू मार.”