तोंडपाठ पुस्तक

प्रतापनगरातल्या दातांच्या दवाखान्यात विमलाताई नंबर यायची वाट बघत होत्या. दाढ ठणकत असली तरी कान शाबूत होते. शेजारीच गाल सुजलेला एक बाप मांडीवर जाडजूड पुस्तक घेऊन लेकीकडून बँकेच्या परीक्षेचं इंग्रजी घोकून घेत होता.

"आकांक्षा, नीट ऐक. एक शब्द, चार वाक्यं. शब्द कुठल्या वाक्यात बरोबर वापरलाय ते सांगायचं. प्रश्न बारावा..."

"सी."

"अगं, मी अजून शब्दसुद्धा वाचला नाही!"

"सीच आहे, पप्पा. मागे बघा."

"हं. आहे खरं. आता तेरावा..."

"ए."

"अगं बेन, थांब ने जरा!" वैतागलेला बाप गुजराती वळणावर गेला. "आधीच माझी दाढ ठणकतेय, त्यात तू डोकं उठवतेस. ए का? कारण सांग."

"उत्तर ए आहे म्हणून."

"परीक्षेत काय हेच पान छापून येणार आहे?"

"नाही."

"मग? दर वर्षी इंग्रजीतच आपटतेस आणि पुन्हा हेच जुनं पुस्तक घेऊन बसतेस! मी नवं आणलं, त्याचं काय केलंस?"

"एक चाचणी सोडवली. मग कपाटात ठेवून दिलं."

"का?"

"पुढचा विचारा ना, पप्पा."

"आधी सांग, का?"

"ह्यातली सगळी बरोबर येतात."

विमलाताईंनी हातातल्या मासिकाचं पान उगाचच उलटलं.

"चौदावा!" बाप खेकसला.

"डी."

"बरोबर!" मागचं पान न उघडताच तो पुन्हा खेकसला.