पेटीत टाका, कोणी नाव विचारणार नाही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील वन आणि पोलीस खात्यांचे मान्यवर, सत्कारमूर्ती वनाधिकारी निंभोरकर साहेब, आणि पंख्याखालची जागा धरून बसलेल्या माझ्या अमरावतीकर बंधुभगिनींनो,

साहेबांची बदली झाली. दुःख आहेच. दोन दिवस उशिरा झाली असती, तर जरा कमी झालं असतं.

मला बोलायला उभं केलं, कारण टेकडीवरच्या वनउद्यानाच्या वेबसाइटचा मजकूर माझा. कपाशी बसली, संत्रा गळाला, आता वऱ्हाड पर्यटनानेच उठेल, असं वर कुठेतरी ठरलं होतं. मग टेकडीवरच्या महादेवापाशी निघणारा चिलमीचा धूर थांबायलाच हवा. साहेब म्हणाले, "पेपरात टोमणे मारता, आता जरा उपयोगाचं लिहा. गांजाचे नवे नियम लोकांना समजतील असे."

मी लिहिलं. उद्यानात गांजा आणू नका, ओढू नका. आणलाच असेल, तर फाटकावरच्या पेटीत टाका, कोणी नाव विचारणार नाही. हे शेवटचं वाक्य साहेबांनी स्वतः सांगितलेलं. सरकारी मजकुरात इतकं माणसासारखं वाक्य! मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पण वेबसाइट वाचणार कोण? ती बनवणारे आमचे मोहसीनभाई हसले, "भाऊ, साइट त झाली, आता लोकायले वाचून कोन दाखवन?" मीच दाखवली. फाटकाजवळ मनकर्णाबाईंची चहाची टपरी आहे. तिथे बसून मोठ्याने वाचायचो. त्यांचे यजमान नत्थुजी, महादेवापाशी चिलीम ओढणाऱ्यांत सर्वांत जुने, कान देऊन ऐकायचे.

"म्हंजे पुडी टाकली का सुटका?"

"हो, नत्थुजी."

"नाव नाई पुसत?"

"नाही."

"सायबानं सांगतलं?"

"साहेबांनीच."

"मंग टाकतो बापा. हे बुढी रोज डोकं खाऊन राहिली."

आतून मनकर्णाबाई म्हणाल्या, "डोकं असतं त खाल्लं असतं!"

मित्रहो, नत्थुजींनी पुडी टाकली. पेटीमागून दोन पोलीस शिपाई निघाले आणि एक फोटोवाला. दुसऱ्या दिवशी पेपरात 'उद्यान गांजामुक्त', साहेबांचं अभिनंदन, आणि फोटोखाली नत्थुजींचं नाव, अगदी बिनचूक. त्याच संध्याकाळी साहेबांच्या कार्यालयातून मोहसीनभाईंना फोन गेला आणि वेबसाइटवरून ते वाक्य नाहीसं झालं. मी भेटायला गेलो, तर साहेब म्हणाले, "असं काही होतं का? लेखकांची कल्पनाशक्ती दांडगी असते बुवा!"

मनकर्णाबाई माझ्याशी भांडल्या नाहीत. चहा पुढे ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आवाज त तुमचाच होता न?"

सांगा, यावर कोणता टोमणा मारायचा?

साहेब उद्या निघताहेत. परवा नत्थुजींची कोर्टात तारीख आहे. वकील म्हणतात, वाक्य होतं आणि ते साहेबांचंच होतं, एवढं साहेबांनी कबूल केलं तरी केसला वेगळं वळण लागेल. तेव्हा साहेब, सत्काराला उत्तर देताना तेवढं एक वाक्य बोला. घाबरू नका. इथे पेटी नाही, आणि तुमचं नाव आम्हाला ठाऊकच आहे.

संयोजकांनी मला माईक दिला, हे त्यांचं धाडस. त्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर वऱ्हाडी माणसाची जीभ समजून पोटात घाला. माईक चालूच ठेवून जातो. साहेब, जरा मोठ्याने बोला. मनकर्णाबाई शेवटच्या रांगेत बसल्या आहेत.