वाळक्या काड्यांचा वाफा

सासू : कापलंस ते कापलंस, वर झाडूही फिरवलास?

सून : पाहुणे येणार म्हणून आवरलं, आई. तुम्हीच सांगून गेला होतात, वाफ्याकडे बघ म्हणून.

सासू : बघ म्हणाले होते. बघायला कात्री लागते?

सून : सगळं वाळून गेलं होतं.

सासू : हिवाळ्यात वाळतंच. ते वाळलेलंच दिसावं म्हणून तर चार महिने मी हात लावला नाही. पहाटे त्यावर दव गोठतं, ऊन आलं की बडीशेपेच्या छत्र्या काचेच्या वाटतात. तेच बघायला दहा वाजता माणसं येताहेत. बागा दाखवायच्या यादीत घ्यायला बागमंडळानं सहा वर्षं मला नाही म्हटलं, यंदा कुठं हो म्हणाले. आणि दोन दिवस बहिणीकडे काय गेले, तू वाफ्याची हजामत केलीस. काल अंधारात आले म्हणून दिसलं नाही, नाहीतर कालच बोलले असते.

सून : मला काय हौस होती?

सासू : मग काय होतं?

सून : परवा आपल्या छकुलीच्या मुठीत बिया सापडल्या. त्या काटेरी बोंडातल्या.

सासू : धोतरा.

सून : हो. नाव मला डॉक्टरांकडून कळलं.

सासू : डॉक्टरांकडे नेलं होतंस?

सून : चार तास बसवून ठेवलं आम्हांला. सारखी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होते. पोटात काही गेलं नव्हतं.

सासू : मला फोन करायचा.

सून : केला होता. बागेचं असेल तर आल्यावर बोलू म्हणालात आणि ठेवलात.

सासू : तरी धोतरा तेवढा कापायचा. एका चोरापायी अख्खं गाव फासावर देतात का?

सून : त्यातलं कोण साव नि कोण चोर, मला कुठं ठाऊक? मला सगळी काडी आणि बोंडच. चार वर्षं विचारतेय, हे काय, ते काय. तुला काय करायचंय, हेच उत्तर. पाट्या लावू म्हटलं तर म्हणालात, बाग आहे, दुकान नाही.

सासू : एवढी कॉलेजात गेलेली तू.

सून : तिथं हे शिकवत नाहीत. घरात शिकवणारं माणूस होतं, त्यानं तोंड उघडलं नाही.

सासू : तुझं उघडं आहे तेवढं पुरे. काड्या कुठं आहेत?

सून : शेडमागं. जुड्या बांधल्यात, उंचीप्रमाणे.

सासू : उंचीप्रमाणे. कवायत घ्यायचीय त्यांची? आण इकडे. पहार आण, आणि किटली.

सून : ते पाणी पाहुण्यांच्या चहाचं आहे.

सासू : चहावाचून कुणी मरत नाही. जमीन थंडीनं गोठून वरून दगड झालीय. गरम पाणी ओतल्याशिवाय भोक पडायचं नाही.

सून : म्हणजे परत रोवायच्या? लोकांना फसवायचं?

सासू : वाळलेल्या काडीला मूळ असलं काय, नसलं काय. आणि फसवणूक कुणामुळे करावी लागतेय?

(वाफ्यात दोघी गुडघ्यांवर. अर्ध्याहून जास्त काड्या उभ्या राहिल्यात.)

सासू : गवताचे तुरे मागं. तिरपे खोच, शाळेत उभं केल्यासारखे नकोत. हा कांद्याचा गोंडा. हे सूर्यफूल. हे पोरीनं चघळलं तरी काही होत नाही.

सून : आणि हे?

सासू : बडीशेप. वास घे की. नाक माहेरी ठेवून आलीस?

सून : घेतला.

सासू : आता धोतरा दे. तो मधे.

सून : नाही.

सासू : आजचा दिवस. संध्याकाळी मीच काढीन.

सून : पाहुण्यांबरोबर मुलं येतील.

सासू : आयांचा हात धरून येतील.

सून : माझीनंही माझाच हात धरला होता.

सासू : कुठं ठेवलायस?

सून : काल कचऱ्याच्या गाडीत दिला. पिशवीला दोन गाठी मारून.

सासू : त्या बोंडाभोवती मी सगळा वाफा बेतला होता. चार फाकांत उघडतं ते, पांढरं होऊन. तुला काय माहीत म्हणा.

सून : नव्हतं माहीत.

सासू : असतं तर?

सून : तरी दिला असता.

सासू : फाटक वाजलं. ऊठ, गुडघे झटक.

पाहुणी : नमस्कार. मंडळाच्या यादीत तुमची बाग पहिली, म्हणून इथूनच सुरुवात. वा, छत्र्या काय चमकताहेत हो. पण मधे एवढी जागा मोकळी? काही मेलं का तिथं?

सासू : धोतरा होता.

पाहुणी : अगंबाई, मग राहू द्यायचा ना. हिवाळ्यात त्याच्यासारखी शोभा नाही. कुणी काढला?

सासू : मी. घरात दोन वर्षांची पोर आहे.

पाहुणी : असली म्हणून काय झालं, जरा लक्ष ठेवायचं.

सासू : लक्ष ठेवलं, म्हणूनच काढला. तुम्ही पुढं व्हा, डावीकडे लाल फांद्या बघण्यासारख्या आहेत. चहाला जरा वेळ लागेल.

सून : आई, तुम्ही असं कशाला...

सासू : यापुढं कुणी विचारलं तर तू सांग. धोतरा मी काढला म्हणणं माझ्याच्यानं एकदाच होतं.