ओटीपीला सतराने भाग जात नाही

...मग सांगायचं तरी कुणाला, बोला ना! तुम्हाला सांगतो, सकाळी नऊला मोबाईल वाजला. कपड्यांचे चिमटे मागवले होते, एक डझन, त्याचा ओटीपी. सात दोन शून्य, सात दोन शून्य. खाली तंबी: कुणालाही सांगू नका! आता चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस मी, आकडा दिसला की भागून बघायची खोड... दोनाने गेला, तीनाने गेला, साताने, अकराने... अहो, ओट्यावर चहा निवला! सात लाख वीस हजार सातशे वीस! एकपासून सोळापर्यंत सगळ्यांनी भाग जातो, बाकी शून्य, आणि अशी याहून लहान संख्याच नाही!

असला ऐवज हातात आणि घरात मी एकटा. प्रेमला असती तर पोळी लाटता लाटता म्हणाली असती, "अहो, पण तेराने?" गणितातलं तिला ओ की ठो कळायचं नाही, पण विचारायची. तीन वर्षं झाली तिला जाऊन. फार आठवण येते हो.

म्हणून शेजारी सोळा नंबरच्या इंदुबाईंची बेल वाजवली. "आजचा ओटीपी ऐका..." तर बाईंनी कानांवर हातच ठेवले! "अहो सर, नको! परवाच सोसायटीत व्याख्यान झालंय, कुणालाही सांगू नका म्हणून!" दुसरीकडे अठरा नंबर, दिग्विजय, आयटीवाला. "सर, प्लीज! डोन्ट शेअर! अकाउंट साफ होईल." अरे, चिमटे आहेत ते! बंगळूरला मुलीला फोन लावला, अपेक्षाला. "बाबा, कुणाला सांगितला नाहीत ना? गुड. मीटिंगमध्ये आहे." कट!

कुणालाही सांगू नका म्हणे! म्हणजे सांगायला माणसं आहेत असं धरूनच चाललेत, कमाल आहे!

दुपारी ज्ञानदेव आला. पार्सलवाला, चाळिशीचा, यवतमाळकडचा. अख्ख्या कर्वेनगरात माझा ओटीपी ऐकायचा अधिकार असलेला एकटा माणूस! "सांगा काका, लवकर. अजून तीस पार्सलं आहेत जी." मी आकडा सांगितला आणि सोडतोय होय? एक ते सोळा सगळं ऐकवलं, वर अठरानेही जातो म्हटलं! तो मोबाईलवर बोट आपटत होता. आणि मान वर न करता म्हणाला, "अन् सतरानं?"

काय सांगू तुम्हाला... तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हो. म्हटलं, "नाही रे. पाच उरतात."

"मधलाच सुटला म्हणायचा." त्याने पार्सलवरचा पत्ता वाचला, दारावरची पाटी बघितली. "फ्लॅट नंबर सतरा. बरोबर आहे." आणि गेला जिना उतरून.

आत आलो. दोरीवर एक शर्ट, एक पायजमा. चिमटे लागतात चार. घरात आता अठ्ठेचाळीस झालेत. उद्यासाठी आणखी एक डझन मागवलेत... पण हे अपेक्षाला, कृपा करून, सांगू नका.