पोतीचा फासा आन् मास्तरचा आंगठा

हसा, हसा! आंगठा तुमचा नव्हता ना!

अवो, तुमाले सांगतो, मी जानराव मास्तर, बारा वर्सं झाली वलगावच्या शाळेत पोराइले शायनं करून राह्यलो, पन त्या दिवशी मलेच कोनी शायनं केलं असतं त बरं झालं असतं! झालं काय, उनाळ्याची सुट्टी, आन् आमच्या भागीरथेच्या पोतीचा, म्हंजे मंगळसूत्राचा, दोरा झिजला. अमरावतीले पोती गाठनाऱ्या पुंजाजी पटवेकऱ्याकडं गेलो, त तो म्हने लगनसराई हाय, आठ दिवसांनं या. मी पाहून राह्यलो... हा गडी पोतीचा फासा पायाच्या आंगठ्यात अडकवते, दोरी तानते, आन् वरून लाल रेशीम गुंडाळते. बस! म्या म्हटलं, याच्यात काय हाय? दोराच त गुंडाळाचा हाय! आपला हात जगन्नाथ. घेतली रेशमाची लडी, आलो घरी.

गळा रिकामा नको म्हनून भागीरथेनं गळ्यात हळकुंड बांधलं, पोत माया हातात देली आन् बजावलं, सांजेच्या यष्टीनं माय येऊन राह्यली नांदगावाहून, तिनं हळकुंड पाह्यलं त घर डोक्यावर घेईन, तिच्या आंधी पोत गळ्यात पाह्यजे. म्या म्हटलं, घाबरतं काहून? दोराच त गुंडाळाचा हाय!

बसलो ओसरीत. आता रेशमाचं पह्यलं टोक कुठं लपवाचं? पुंजाजीनं कुठं लपवलं कोनाले मालूम! म्या देलं फाश्याखाली दाबून, आन् लागलो गुंडाळाले... गरगर, गरगर... काय चकाकून राह्यलं होतं, बाप्पा! पन जसजसं रेशीम चढे तसतसा फासा आवळे, आन् आंगठा झाला वांग्यावानी जांभळा. वढतो त निंगेना. म्हटलं, कात्री आन वो.

भागीरथा दारात आडवी झाली. "नवरा जित्ता असताना पोतीले कात्री? आंगठा गेला त जाऊ द्या, मी कुकू नाही जाऊ देत!"

अवो, ते कुकू म्हंजे मीच ना!

शेजारचे वामनराव आले, उंटावरचे शायने. म्हने, पाय पान्यात बुडवा. बुडवला. रेशीम भिजलं, आन् आखीनच आवळलं! वरून मलेच म्हनते कसे, "मास्तर, दोराच त हाय!"

तेवढ्यात सासू दारात. पंचफुलाबाई! बुढीनं हळकुंड पाह्यलं, पोत पाह्यली, पोतीच्या टोकाले जावई पाह्यला... आन् पिशवी ठेवली बाजूले. खाली बसली, उरलेलं रेशीम घेतलं, आन् माया आंगठ्यालेच नखापासून घट्ट गुंडाळत आली, येढ्याले येढा चिपकवून, सूज दाबत दाबत, पार फाश्यापर्यंत. वरून गोडं तेल सोडलं. फासा सर्रकन् बाहेर! जीव भांड्यात पडला. रडलोच मी, खोटं कशाले सांगू? आंगठा सलामत, पोत सलामत, म्हंजे मी बी सलामत.

"जावईबापू," बुढी म्हने, "टोक दोरीच्या अंगासंगं निजवाचं, मंग त्याच्यावरून गुंडाळाचं." दिवे लागाच्या आंधी पोत भागीरथेच्या गळ्यात. लय हलकं वाटलं मले.

आता महिना झाला, बुढी काही गेली नाही. आळीतल्या साऱ्या बाया पोती घेऊन येतात, बुढी गुंडाळून देते. पन तिच्या पायाले वात, फासा तानवत नाही. म्हनून सासूच्या तोंडासमोर पाय लांब करून बसनारा जावई, साऱ्या वऱ्हाडात मी एकटाच. काय करता? खुंटी पाह्यजे ना तिले!