मानपत्रातली तिसरी ओळ

आदरणीय अध्यक्षमहोदया, मंचावरचे मान्यवर पाहुणे, आज ज्यांचा सत्कार आहे त्या आपल्या दूरचित्रवाणी केंद्राच्या पहिल्या वृत्तनिवेदिका ताई, त्यांच्या सूनबाई, नातवंडं, आणि जिथे पंखा चालतो नेमके तिथेच दाटीने बसलेले माझे जुने सहकारी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. जन्मभर मी इतरांना वेळ संपल्याच्या खुणा केल्या. आज कृपा करून मला कोणी करू नका.

मी स्टुडिओतला फ्लोअर मॅनेजर. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून हात वर केला की ताईंनी सावध व्हायचं, खाली आणला की बोलायचं. सगळं थेट प्रक्षेपण. चूक झाली की घराघरांत पोचलीच.

आत्ता मानपत्राची तिसरी ओळ वाचली गेली, ‘एका चुकीने न खचता...’ आपण टाळ्या वाजवल्या. मी कोणत्या हातांनी वाजवणार होतो?

त्या संध्याकाळी पहिली बातमी खाण कोसळल्याची होती. सतरा माणसं गेलेली. ताई कागद वाचून सुन्न बसल्या होत्या. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी आमच्या साहेबांची नक्कल केली. ताई हसल्या, आणि तेवढ्यात प्रक्षेपण सुरू झालं. हात वर करायचा, तर माझे दोन्ही हात साहेबांच्या काल्पनिक पोटावर!

लोकांना दिसली हसणारी बाई, आणि पाठोपाठ सतरा मृत्यू. पत्रांच्या गोण्या आल्या. साहेबांनी विचारलं, “इशारा दिला होतास?” नोकरी नवी होती, घाबरलो. म्हणालो, “दिला होता साहेब. ताईंचं लक्ष नव्हतं.” ताईंनी मात्र नकलेचं नावसुद्धा काढलं नाही. काढलं असतं तर मी घरी बसलो असतो.

त्यांच्या बातम्या गेल्या. तीन वर्षं त्या नुसती पुढच्या कार्यक्रमांची नावं सांगत राहिल्या, आणि बातम्यांच्या खुर्चीवर पुरुषच बसले, दुसरी बाई कोणी बसवली नाही.

एकदा व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. “दादा, मला तुमचा हात दिसलाच नाही हो.”

मी म्हणालो, “डोळे तपासून घ्या, ताई.”

आणि त्यांनी घेतले! डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. तरी पुढे कायम म्हणायच्या, “दादा, हात जरा उंच धरा हं.” मी धरायचो. लाजेने मान खाली आणि हात वर, असा उभा राहायचो.

अध्यक्षमहोदया, ती ओळ तेवढी खोडा. आयोजकांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते सभागृहाने पोटात घालावं. बाकीची माफी मागायला मला तोंड नाही.

ताई, तुमचे डोळे ठणठणीत होते. हात वर गेलाच नव्हता.